चौदा ओळींची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीपुळ्याला आलेली माणसं जोडीला मालगुंडलाही जातात. केशवसुतांचं घर बघतात, फोटो काढतात आणि निघतात. ‘तुतारी’ शाळेत सगळ्यांनीच घोकलेली असते. मला मात्र या माणसाची वेगळीच करामत मोठी वाटते. १८९२च्या सुमारास त्यांनी युरोपातलं सॉनेट, म्हणजे आपण ज्याला सुनीत म्हणतो ते, मराठीत आणलं.

आख्यानं, आर्या, पदं यांवर पोसलेल्या वाचकापुढे एकदम चौदा ओळींची कविता आली. साधारण आठ ओळींत विचार चढवायचा, मग तो वळवायचा आणि उरलेल्या जागेत उतरवायचा. पंधरावी ओळ मिळायची नाही. गंमत म्हणजे हे परकं सुनीत मराठीत रमलं ते बहुतेक शार्दूलविक्रीडितात, म्हणजे एकोणीस अक्षरांच्या अस्सल संस्कृत वृत्तात! कविता किती लांब असावी, कुठे थांबावी, हे कवी आधीच ठरवून बसू शकतो, हे वाचकाला तेव्हा नवं होतं.

पुढे सुनीत इतकं अंगवळणी पडलं की त्याचेच नियम डोक्यावर बसले. मग देवगड तालुक्यात जन्मलेले विंदा करंदीकर आले आणि त्यांनी ‘मुक्तसुनीतं’ लिहिली. नियमांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या रचनेला मुक्त म्हणायचं, म्हणजे वाचकाला सरळ कोड्यात टाकणंच. ते एवढ्यावर थांबले नाहीत, ‘आततायी अभंग’ही लिहिले. नाव ऐकून पुण्या-मुंबईच्या कुणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर असोत. ज्यांनी रात्र जागवून डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकली आहे, त्यांना काय धक्का बसणार? अभंग रंगात येतो, पखवाज घुमतो आणि तेच बुवा घटकाभराने समोरच्या बुवांना अशी कोपरखळी मारतात की मंडपात हशा पिकतो. भक्ती आणि भांडण एकाच बैठकीत नांदतात, हे आपल्या कानाला पाठच आहे.

विंदांचं ‘अष्टदर्शने’ २००३ सालचं. आठ दर्शनं, तीही कवितेत. देकार्त, स्पिनोझा, कांट असे सात तत्त्वज्ञ युरोपातले आणि एकटा चार्वाक आपला. तत्त्वज्ञान गद्यातच मांडायचं असतं, असं का धरून चाललो, हे पुस्तक हातात असताना सारखं मनात येतं. सगळं पहिल्या वाचनात कळेल, अशी आशा मात्र धरू नका. मी सांगेन, क्रम मोडा, चार्वाकापासून सुरुवात करा. आणि मोठ्याने वाचा. घरातले हसले तर हसू देत.

नमस्कार.