उजनीच्या गाळातलं औषध

[कुंभारगावचा काठ, दिवस उगवताना.]

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरतं, पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि भिगवणच्या बाजूला चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी त्या चिखलात चोच उलटी घालून खातात. आम्हीही त्याच चिखलासाठी आलोय; त्यात शेतातलं कीडनाशक औषध किती साठलंय ते तपासायला.

दौंड-इंदापूरचा ऊस या काठापर्यंत आलाय. हुमणी लागते, खोडकीड लागते, शेतकरी औषध टाकतो. त्यातलं काही पावसात ओढ्यावाटे इथवर पोचतं. इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळून बरंचसं पुढे जातं. क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन मात्र मातीच्या कणांना धरून तळाशी बसतात. नुसतं पाणी तपासलं, तर तीच निसटतात.

[नळी गाळात उतरते.]

नळी सरळ दाबायची, ढवळायची नाही. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. नमुना काचेच्या बाटलीत, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आणि लगेच बर्फाच्या पेटीत. प्लास्टिक नको. त्यातून सुटणारी द्रव्यं पुढे औषध मोजणाऱ्या यंत्राला चकवतात.

[पुणे. प्रयोगशाळा.]

इथे आधी थोडा गाळ भट्टीत वाळवून ओलावा मोजतात. ओल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. ते वजनातून वजा केलं नाही, तर औषधाचा आकडा निम्म्याखाली येतो आणि जलाशय उगाच स्वच्छ दिसतो. मला हीच चूक सगळ्यात घातक वाटते, कारण आकडा नीटनेटकाच दिसतो.

मग गाळातलं औषध सोडवून घ्यायला अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून नळी जोरात हलवायची. २००३ साली फळं-भाज्यांसाठी आलेली ही पद्धत गाळासाठी जरा बदलून घ्यावी लागते. गाळातलं गंधक तांब्याच्या भुकटीने काढतात; तांबं काळं पडतं. शेजारी आणखी एक नमुना असतो, त्यात औषध आपणच मोजून घातलेलं. शंभर भाग घालून चाळीसच परत मिळाले, तर त्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवायचे.

एका ग्रॅम गाळात एक नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा-दहा टनांचे शंभर ट्रक ऊस, आणि त्यात मिळून एक ग्रॅम औषध. एवढं बारीक हे यंत्र पकडू शकतं.

डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचा आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, एंडोसल्फान २०११ साली. तरी दोन्ही शोधायची. डीडीटी कालांतराने मोडून डीडीई बनतं. गाळात डीडीई जास्त असेल, तर माल बहुधा जुना. डीडीटीच जास्त निघालं, तर ते अलीकडे कुठून आलं ते शोधायला काठावर परत जावं लागतं.

[पुन्हा होडी.]

सकाळी नावाडी दादांनी विचारलं होतं, "मग आमची चिलापी खायची का नाय?"

त्याचं उत्तर गाळाच्या आकड्यावरून देता येत नाही. गाळातले किडे मासा खातो, पण त्याच्या अंगात किती उतरलं हे मासाच तपासून कळतं. पुढच्या फेरीला बर्फाच्या पेटीत बाटल्यांशेजारी दादांच्या जाळ्यातली चिलापी असेल.