बेलची गोष्ट: चारशे मतं आणि एक साधा प्रश्न

नमस्कार मंडळी. चहाचा कप हातात असेल तर असू द्या, आजची गोष्ट सावकाश ऐकायची आहे.

आपल्यातले कितीतरी जण लॉस एंजेलिसच्या आसपास राहतात, आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर कढीपत्ता नि पोहे आणायला जातात, आणि परत येताना ७१० फ्रीवेवर फ्लॉरेन्स अव्हेन्यूची पाटी दिसते ती मागे टाकून पुढे निघून जातात. त्या पाटीपाशी उतरलं की बेल नावाचं गाव लागतं. गावच म्हणते मी, कागदावर सिटी आहे पण आकार तीन चौरस मैलसुद्धा नाही. २०१० साली वस्ती पस्तीस हजारांच्या वर होती, आणि दहात नऊ जण लॅटिनो. मेक्सिकोतून, साल्वादोरमधून, ग्वाटेमालातून आलेले. कुणी शिवणकाम करतं, कुणी गोदामात, कुणी दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करतं. एका घरात दोन दोन कुटुंबं.

निवडणूक आली की टीव्हीवर सारखं चालू होतं ना, लॅटिनो व्होट कुणाकडे चाललं, लॅटिनो व्होट फिरलं की नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. अहो, कोल्हापूरचा माणूस आणि गोंदियाचा माणूस एका पोत्यात घालून कुणी "मराठी मत" म्हणून वजन केलं तर आपल्याला चालेल का? क्युबातून आलेला आजोबा आणि मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली पोरगी, दोघांच्या भाषेचं नाव एक आहे म्हणून दुखणंही एकच असेल असं कुठंय. आणि यांच्या दुखण्यात भ्रष्टाचार फार वर आहे, तो त्यांनी पुस्तकात वाचलेला नाही, घरी भोगलाय. मेक्सिकोत लाचेला मोर्दिदा म्हणतात. मोर्दिदा म्हणजे चावा. आपण चिरीमिरी म्हणतो, किती गोड वाटतं ऐकायला, जणू खाऊच दिलाय. त्यांनी सरळ चावा म्हटलंय, आणि मला तो शब्द जास्त खरा वाटतो.

तर बेलमध्ये काय झालं. आधी एक आकडा सांगते, तो लक्षात ठेवा, मी परत परत सांगणार आहे. चारशे.

२००५ साली नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लागून, बेलमध्ये एक खास निवडणूक घेतली. उमेदवार नाही, काही नाही, एकच प्रश्न, आपलं शहर चार्टर सिटी करायचं का. आता हे चार्टर म्हणजे शहराची स्वतःची घटना म्हणा ना. ती असली की राज्याचे काही नियम शहराला लागू होत नाहीत, आणि त्यातला एक नियम नगरसेवकांच्या मानधनाला मर्यादा घालणारा होता. पण हे कुणी समजावून सांगितलंच नाही. पस्तीस हजारांच्या गावात मतं पडली चारशेपेक्षा कमी. चारशेपेक्षा कमी! त्यातलीही निम्म्याहून जास्त पोस्टानं आलेली. एवढ्या मतांवर तिजोरीचं कुलूप निघालं.

माझ्या पुण्याच्या बहिणीच्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट आहेत आणि एजीएमला पंधरा माणसं येतात, तीसुद्धा पार्किंगवर भांडायला. त्या पंधरांत पाण्याच्या टाकीचं काँट्रॅक्ट मंजूर होतं आणि मग वर्षभर बाकीचे जिन्यात उभं राहून कुरकुर करतात. मी तिला दर वेळी सांगते, तू जा, नुसती बसून राहिलीस तरी चालेल पण जा. ती म्हणते वेळ नाही गं. असो.

आता माझी आवडती गोष्ट. मी ही बऱ्याच जणांना सांगितलीय, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी परत ऐका.

२०१० चा उन्हाळा. बेलच्या शेजारी मेवुड नावाचं असंच छोटं शहर, ते पैशाच्या अडचणीत सापडलेलं, सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवून कारभार बेलकडे सोपवायचा असं ठरत होतं. लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन वार्ताहर त्या बातमीवर होते. एक जेफ गॉटलिब, जुना अनुभवी माणूस, आणि दुसरा रूबेन वीवेस, तरुण. या रूबेनबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म ग्वाटेमालाचा, लहानपणीच अमेरिकेत आणलेला, आणि सतरा वर्षांचा झाल्यावर त्याला कळलं की आपल्याकडे कागदपत्रंच नाहीत. त्याची आई ज्या घरी मुलं सांभाळायची ती बाई त्याच पेपरात लिहिणारी होती, तिनं वकील गाठून दिला, कागद झाले, आणि पोरगा पेपरात लागला तो कॉपी मेसेंजर म्हणून, म्हणजे इकडचे कागद तिकडे पोचवायचं काम. तिथून तो बातमीदार झाला. कागदाची किंमत या मुलाला माहीत होती, एवढं लक्षात ठेवा.

तर मेवुडचं काम करता करता यांच्या कानावर आलं की बेलच्या नगरसेवकांच्या पगाराची चौकशी सरकारी वकिलांकडे चालू आहे. काही तासांच्या मीटिंगचं मानधन घेणाऱ्यांची कसली चौकशी? हे दोघं बेलच्या सिटी हॉलला गेले आणि करारांच्या प्रती मागितल्या. इथं कॅलिफोर्नियात आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा आहे, दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि बघा योग, आपल्याकडे केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला तोही २००५ च्याच ऑक्टोबरात. ज्या वर्षी आपल्याकडे दार उघडलं त्याच वर्षी बेलमध्ये कुलूप निघालं, पण चोरांसाठी.

मागितलं ते लगेच मिळालं नाही, टोलवाटोलवी झाली, हे हटले नाहीत. शेवटी निरोप आला, भेटायला या, पण सिटी हॉलमध्ये नाही, लिटल बेअर पार्कमध्ये. पार्क हो! मुलांच्या खेळायच्या बागेत एक मीटिंगची खोली होती तिथं. हे आत गेले तर टेबलाभोवती ही माणसं, सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो, त्याची असिस्टंट अँजेला स्पॅचिया, पोलीस चीफ, वकील. सिटी मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा आयुक्त समजा, फक्त तो सरकारनं पाठवलेला नसतो, नगरसेवकांनीच नेमलेला असतो. आणि टेबलावर कागदांचे गठ्ठे.

गठ्ठे चाळत बसायच्या ऐवजी गॉटलिबनं सरळ विचारलं, तुम्हाला पगार किती?

बास, एवढाच प्रश्न. आपल्याकडे कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलीचा मामा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो तो. आम्ही इथं आल्यावर शिकलो की असं विचारायचं नसतं, अगदी जवळच्या मैत्रिणीलासुद्धा नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की जो माणूस माझ्या टॅक्सवर जगतो त्याला मामाच्याच थाटात विचारलं पाहिजे.

रिझोनं सांगितलं, सात लाख.

सात लाख डॉलर्स. वर्षाला. आणि हे तोंडी सांगितलेलं. करार हातात आले तेव्हा खरा आकडा निघाला ७,८७,६३७ डॉलर्स. परत सांगते, सात लाख सत्त्याऐंशी हजार. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार होता चार लाख. हाच माणूस १९९३ मध्ये नोकरीला लागला तेव्हा त्याला ७२ हजार होते. पोलीस चीफला ४,५७,००० आणि तेव्हा सगळ्या लॉस एंजेलिसच्या पोलीस चीफला तीन लाख सात हजार. असिस्टंटबाईंना ३,७६,०००. आणि नगरसेवक, ज्यांचं काम महिन्यातून काही तासांचं, ते वर्षाला जवळजवळ एक लाख उचलत होते, कारण त्यांना कचऱ्याची समिती, जागेची समिती अशा समित्यांवर बसवलेलं, आणि त्या समित्यांच्या बैठका एखाद दोन मिनिटांत उरकायच्या नाहीतर व्हायच्याच नाहीत.

१५ जुलै २०१० ला बातमी छापून आली. रिझोला विचारलं तर तो म्हणाला, हा आकडा लोकांच्या घशात अडकत असेल तर मी चुकीच्या धंद्यात आहे म्हणायचं, प्रायव्हेटमध्ये गेलो असतो तर एवढं मिळालंच असतं. ज्या गावात आई दोन नोकऱ्या करून मुलाचे शाळेचे बूट घेते तिथं बसून तो हे म्हणाला. रेसचे घोडे होते त्याचे, एका घोड्याच्या नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ होतो पैसे खर्च करणे. पुढे चौकशीत ईमेल सापडले, नवा पोलीस चीफ रुजू व्हायच्या आधी लिहितो की बेलचे सगळे पैसे घ्यायला येतोय, आणि स्पॅचियाबाईंचं उत्तर, तुमचा वाटा घ्या, आपण सगळे मिळून जाडजूड होऊ.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते मात्र वेगळंच आहे. या पत्रकारांच्या दोन वर्षं आधी, २००८ मध्ये, बेलच्याच एका साध्या रहिवाशानं सिटी हॉलला जाऊन हेच विचारलं होतं, यांना पगार किती. त्याला एक कागद दिला. त्यावर नगरसेवकांना महिन्याला ६७३ डॉलर्स लिहिलेले. कागद खोटा होता. तो माणूस कागद घेऊन घरी गेला. प्रश्न बरोबर विचारला होता त्यानं, जागाही बरोबर, आणि त्याच्या हातात खोटा कागद ठेवला. सतरा वर्षांचा होईपर्यंत कागदाशिवाय जगलेला मुलगाच दोन वर्षांनी खरे कागद घेऊन आला.

आणि पैसे कुठून यायचे तेही ऐका. बेलचा घरपट्टीचा दर सगळ्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात म्हणा, वरच्या दोन तीनांत. शिवाय पोलीस रस्त्यात गाड्या अडवायचे आणि टो करायचे. कागद नाहीत म्हणजे तेव्हा लायसन्स नाही, लायसन्स नाही म्हणजे गाडी जप्त, आणि सोडवायला शहराचे ३०० डॉलर्स. शिकागोची पीएचडी नको हे कळायला की हे कुणाच्या खिशातून जात होतं. ज्याला कोर्टात जायची भीती त्याच्याकडून घ्यायचं. मोर्दिदा. फक्त पावती देऊन.

लॅटिनो लोकांना याचं दुहेरी दुःख झालं. नगरसेवकांची नावं बघा, ऑस्कर हर्नांडेझ मेयर, तेरेसा हाकोबो, व्हिक्टर बेयो. आपले, आपली भाषा बोलणारे, कोपऱ्यावर दुकान चालवणारे. एकेकाळी या भागात गोऱ्यांची सत्ता होती, कारखाने बंद पडले, ते निघून गेले, आणि आपली माणसं निवडून यायला लागली तेव्हा केवढा आनंद झाला होता. आणि बेल काही पहिलं नाही, शेजारच्या साउथ गेटमध्ये शहराच्या खजिनदाराला, अल्बर्ट रोब्लेसला, २००३ मध्ये लोकांनीच मत देऊन खाली ओढलं होतं. आपला माणूस आहे म्हणून हिशेब मागायचा नाही ही सवय फक्त त्यांचीच आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

बातमीनंतर लोक सिटी हॉलवर धडकले. त्यांनी संघटना काढली, नाव बास्ता. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून केलेला शब्द, पण स्पॅनिशमध्ये बास्ता म्हणजे पुरे. आता बास! आपल्याला बस्ता म्हटलं की लग्नाच्या साड्या आठवतात, पण त्यांचा बास्ता आपल्या "बास्स"च्याच जवळचा वाटतो कानाला. त्यात क्रिस्टिना गार्सिया होती, गणिताची शिक्षिका, ती दोन वर्षांत राज्याच्या असेम्ब्लीत निवडून गेली. आणि अली सालेह, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला. बेलमध्ये लेबनीज वस्तीही आहे थोडी. २००९ च्या निवडणुकीत हा उभा राहिला तर त्याला दहशतवाद्यांशी जोडणारी पत्रकं घरोघर टाकली होती. गंमत नाही ही, प्रचारातलं सगळ्यात घाणेरडं हत्यार आहे, आणि ते चोर वापरतात तेव्हा लक्ष दुसरीकडे वळवायलाच वापरतात.

सप्टेंबर २०१० मध्ये आठ जणांना अटक झाली. ८ मार्च २०११ ला मतदान, जुन्यांना काढायचं का आणि नवे कोण, दोन्ही एकाच दिवशी. पंचाण्णव टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं, काढा. २००५ चे चारशे आठवतायत ना? या वेळी हजारोंनी मतं दिली. अली सालेह निवडून आला. सगळं कौन्सिल नवीन बसलं. आरोपी नगरसेवकांतला एक, लुईस आर्टिगा, कोर्टात निर्दोष सुटला हेही सांगायला हवं. आणि एक नगरसेवक लोरेन्झो वेलेझ, त्याला बाकीच्यांसारखा पगार मिळतच नव्हता, वर्षाला आठ हजारांच्या आसपास, तो आरोपींत नव्हताच. रिझोला २०१४ मध्ये बारा वर्षं, स्पॅचियाला अकरा वर्षं आठ महिने. त्या बातमीला २०११ चं पुलित्झर, म्हणजे इथलं पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालं.

पेपरचं सब्स्क्रिप्शन काय करायचं, सगळं फोनवर दिसतं, असं मला परवाच एका देशी पार्टीत कुणीतरी म्हणालं. मी त्यांना विचारलं, तुमच्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगला शेवटचा बातमीदार कधी गेला होता? त्यांना ठाऊक नव्हतं. बेलमध्येही कितीतरी वर्षं कुणी गेलं नव्हतं.

बेल प्रकरणानंतर राज्याच्या कंट्रोलरनं, म्हणजे सरकारी हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, एक वेबसाइट काढली, कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शहराचा, प्रत्येक पदाचा पगार त्यावर आहे. स्पेलिंग नको, पब्लिक पे असं शोधा, सापडेल. आपल्या शहराचं नाव टाका, सिटी मॅनेजरच्या ओळीवर या. मी काल रात्री आमच्या शहराचं बघितलं, नवऱ्यालाही दाखवलं, त्याला आम्हाला सिटी मॅनेजर आहे हेच माहीत नव्हतं, मग आम्ही दोघं अर्धा तास आजूबाजूच्या शहरांचे आकडे काढत बसलो. तुम्हाला काय दिसलं ते मला कळवा, पुढच्या रविवारी वाचून दाखवते. नमस्कार.