वाचलेलं युनिट आणि मेल्टरचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकाला विचारा, महिन्याचा मोठा खर्च कोणता? भंगार आणि पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, यांच्या पाठोपाठ तो वीजबिलाचंच नाव घेईल. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज जाते. शास्त्राच्या हिशोबानं लागते ती ४०० च्या आसपास. मधली सगळीच वाचणार नाही, हे खरं. पण वाचण्यासारखी वीज नेमकी कुठं जाते, हे जाणत्या मेल्टरला, म्हणजे भट्टीवर धातू वितळवणाऱ्या कामगाराला, पक्कं ठाऊक असतं.

भट्टीचं झाकण उघडं राहिलं की उष्णता वर निघून जाते. रनर-रायझर, म्हणजे ओतकामानंतर तोडून काढलेले धातूचे जादा तुकडे, वाळू न झाडता परत भट्टीत पडले, तर ती वाळूही तापवावी लागते आणि शेवटी स्लॅग, म्हणजे मळी, म्हणून काढून टाकावी लागते. साचे वेळेवर तयार नसले की वितळलेला धातू तसाच तापता ठेवायचा, मीटर आपला फिरतोच आहे. शिवाय ओतताना गार पडेल या भीतीनं धातू गरजेपेक्षा जास्त तापवण्याची सवय. यातलं काहीही नवी मशिनरी घेऊन सुटत नाही. तिथं उभ्या असलेल्या माणसाची नजर आणि साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांशी त्याचा मेळ, यावरच ते चालतं.

ऊर्जाबचतीतल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की आपण एनर्जी ऑडिटरपाशी, म्हणजे कारखान्यातला ऊर्जेचा वापर तपासणाऱ्यापाशी, थांबतो. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी हा केंद्र सरकारचा ब्युरो आला. त्यांची परीक्षा पास होऊन प्रमाणित ऑडिटर होता येतं. आपल्या राज्यात ऊर्जाबचतीचं काम महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था पाहते. इंजिनिअर मुलामुलींनी या वाटेला जरूर जावं. पण ऑडिटर येतो, मोजमाप घेतो, अहवाल देऊन जातो. पुढं वर्षभर तो अहवाल अंमलात आणणारा माणूस असतो मेल्टर, फिटर, वायरमन. त्याच्या पगारात या कामाचा एक रुपयाही वेगळा दिसत नाही.

किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आहेत. त्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. युनिट वाचवण्याच्या कसबाला मात्र त्यात जागा नाही, आणि मला हे मनापासून खटकतं.

हिशोबच करू. समजा, एका फाउंड्रीत रोज १० टन धातू वितळतो. टनामागं ३० युनिट वाचली, तर दिवसाची ३०० झाली. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७,५०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी महिन्याला ६०,००० रुपये. आज ही सगळी रक्कम मालकाच्या बाजूला जमा होते.

इथून जवळच इचलकरंजीत मागावरच्या कामगाराची मजुरी पिकावर, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरते. ती पुरेशी आहे का, हा वेगळा वाद. पण किती काम झालं ते मोजायचं आणि त्यावर पैसे द्यायचे, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मग टनामागं वाचलेल्या युनिटवर काही का ठरू नये?

कॉम्प्रेसर, म्हणजे दाबाखाली हवा पुरवणारं यंत्र, बघणाऱ्या फिटरचंही तसंच. हवेचा दाब एका बारनं (बार हे दाबाचं माप) कमी करता आला, तर कॉम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्के वाचते. त्यासाठी आधी लाइनमधल्या गळत्या शोधून बंद कराव्या लागतात. सुट्टीच्या दिवशी शेड शांत असताना कान देऊन फिरावं लागतं. कळंबा रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडणारी मुलं हे काम महिनाभरात शिकतील, पण शिकून पगार वाढणार असेल तर.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक भट्टीला स्वतंत्र मीटर बसवा. दर हीटला, म्हणजे भट्टीच्या दर घाण्याला, किती टन वितळले आणि किती युनिट गेली, ते फळ्यावर लिहा. तीन महिन्यांची सरासरी काढा. धातूचा प्रकार बदलला तर सरासरीही नव्यानं काढा, नाहीतर भांडणं होतील. त्या सरासरीखाली जे वाचेल, त्याचा तिसरा हिस्सा त्या पाळीतल्या माणसांना पगारासोबत द्या. कंत्राटदाराकडून आलेल्या माणसालाही द्या. आणि पुढचा वेतन करार करायला बसाल, तेव्हा युनियनच्या मंडळींनी हे कलम त्यात लिहूनच घ्यावं.

नमस्कार.