शिमगा, रोजे आणि प्रॅक्टिकलची बॅच

नमस्कार! रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, तेल्यांना गावं ‘शनिवार तेली’ म्हणायची. शनिवारी धर्मानं काम बंद म्हणून घाणा बंद, तेल हवं तर आदल्या दिवशी न्या. कोणी अर्ज दिला नव्हता, गावाला ठाऊकच होतं. कॉलेजात मात्र सणा-उपासासाठी वेळ बदलून घ्यायला अर्ज लागतो, आणि तो भलत्याच टेबलावर जातो.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेची तारीख प्राचार्य हलवू शकत नाहीत. तिथे हेलपाटे घालू नका. प्रॅक्टिकलची बॅच, अंतर्गत चाचणी, सबमिशन, लेक्चरची वेळ हे मात्र कॉलेज ठरवतं.

२०२६ मध्ये रोजे आणि शिमगा एकत्र आले. दुपारची बॅच लांबली तर रोजा सोडायची वेळ एसटीतच होते. शिमग्यात पालखी तुमच्या घरी कधी, ते गाव ठरवतं. कॉलेजच्या वेळापत्रकाला पालखी थांबत नाही! दोघांनाही सुटी नको असते, बॅच बदलली की भागतं. म्हणून ‘सवलत मिळावी’ असं मोघम लिहू नका. विषय, तारीख, ‘दुपारऐवजी सकाळची बॅच’ असं लिहा. अदलाबदलीला तयार असलेल्या मित्राची सही जोडा. ईद चंद्रावर, तेव्हा दोन्ही संभाव्य तारखा टाका. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगून घरी गेलात, तर परीक्षकासमोरच्या यादीत तुम्ही सरळ गैरहजर.

आता जुम्मा, म्हणजे शुक्रवारची दुपारची नमाज. आठवड्याला चार लेक्चर असलेल्या विषयाचं शुक्रवारचं लेक्चर दरवेळी बुडालं, तर हजेरी बरोबर ७५ टक्के. अट तेवढीच, म्हणजे एकदा ताप आला की संपलं. म्हणून गैरहजेरीची परवानगी मागू नका. लेक्चर तासभर सरकवून मागा, तेही सत्राच्या सुरुवातीलाच.

कॉलेजात पूजा असेल तर? सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही; घटनेचं कलम २८(३). अठराच्या आतले असाल तर संमती पालकांची. राष्ट्रगीताला अदबीनं उभं राहूनही श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना शाळेनं काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. ‘नियम आहे’ एवढं उत्तर मिळालं, तर हा निकाल अर्जात लिहा.

एका जागी मात्र आम्ही कॉलेजच्या बाजूनं. बर्नरजवळ ओढणी किंवा स्कार्फ सुटा नको. सुती घ्या, टोकं अ‍ॅप्रनच्या आत खोचा. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.