कोपेश्वराच्या दारी नंदी नाही

नमस्कार श्रोतेहो. शंकराच्या देवळात गेलो की आपण आधी नंदीच्या पाठीवरून हात फिरवतो, त्याच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतो आणि मगच आत शिरतो. खिद्रापूरला हा शिरस्ता मोडावा लागतो. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ आहे, आणि तिथं देवापुढं नंदीच नाही.

गावात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. दक्षानं यज्ञ मांडला, पण जावयाला आवतण धाडलं नाही. तरी सती माहेरी निघाली, नंदीवर बसून. तिथं काय झालं ते तुम्ही लहानपणापासून ऐकलेलंच आहे. शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात लिंगं दोन आहेत. आणि नंदी? तो सतीबरोबर गेला तो तिकडंच राहिला, सीमेपलीकडच्या येडूरला. गंमत बघा, येडूरला देऊळ आहे ते वीरभद्राचं. दक्षाचा यज्ञ उधळला तो हाच. कथा एक आणि तिची ठिकाणं आज दोन राज्यांत! खरं सांगायचं तर मला इथल्या शिल्पांपेक्षाही हे जास्त आवडतं.

शिल्पं बघायला मात्र घाई नको. सगळे आधी स्वर्गमंडपात जातात आणि मान वर करतात, कारण छताच्या मधोमध गोल मोकळं आभाळ दिसतं. खाली तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांब. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री या झरोक्यातून उतरणारं चांदणं बघायला गर्दी होते. कुणी म्हणतं होमाचा धूर जावा म्हणून छत उघडं ठेवलं, कुणी म्हणतं काम अपुरंच राहिलं. कडेचं ते रेखीव वर्तुळ पाहिल्यावर मला काही ते अपुरं वाटत नाही.

मग बाहेर या आणि देवळाला प्रदक्षिणा घालताना नजर खाली ठेवा. पायथ्याशी हत्तींची रांग आहे. सगळ्या देवळाचा भार पाठीवर, वर देव बसलेले. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात, पण झुलींवरची नक्षी अजून बोटांना लागते.

दक्षिण दाराशी एक देवनागरी शिलालेख आहे, शके 1136 चा, यादवराजा सिंघणाचा. देऊळ उभारलं शिलाहारांनी. सिंघणानं त्यांचं राज्य जिंकलं, पण त्यांच्या देवाला दान दिलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं. इतिहासाच्या पुस्तकातल्या लढाया मी विसरलो, हा लेख नाही विसरलो.

नरसोबाच्या वाडीला तुमच्यापैकी पुष्कळ जण जातात आणि दत्ताचं दर्शन घेऊन तसेच माघारी फिरतात. पुढच्या खेपेला कुरुंदवाडवरून खिद्रापूरचा रस्ता धरा. पावसाळ्यात मात्र आधी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करा. 2019 च्या महापुरानं या तालुक्याची काय गत केली, ते तुम्ही पाहिलंच आहे. नमस्कार.