काड्यापेटीतून निघालेला डाव

श्रोतेहो, नमस्कार. लढाऊ वैमानिकांच्या बोलीतले डावांचे शब्द बहुधा कुणाच्या तरी नावावरून आलेले असतात, नाहीतर आकाशात उमटणाऱ्या आकारावरून. ‘थॅच वीव्ह’ या शब्दात दोन्ही आहेत, म्हणून तो मला सर्वांत प्रिय.

१९४१ साल. अमेरिकी नौदलाचे वैमानिक जिमी थॅच कॅलिफोर्नियात, कोरोनाडोला राहत होते. जपानच्या ‘झीरो’ या नव्या लढाऊ विमानाचा अहवाल त्यांच्या हाती आला. हे विमान वर चढतं झपाट्यानं आणि वळतं अगदी थोडक्यात. म्हणजे एकट्यानं वळणावर गाठ घातली की हार ठरलेली. थॅच रात्री टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसू लागले. एक काडी, एक विमान. काड्या सरकवता सरकवता उत्तर सापडलं.

दोन विमानं शेजारी शेजारी उडवायची, मध्ये वळणाच्या व्यासाएवढं अंतर ठेवून. शत्रू एकाच्या मागे लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं. पुन्हा सांगतो, पळायचं नाही, एकमेकांकडे वळायचं. पाठलाग करणारा आपसूक दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो. दोघांच्या वाटा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींना छेदत जातात, म्हणून ‘वीव्ह’. अंतर कमी पडलं तर नेम धरायला वेळ उरत नाही. जास्त झालं तर मदत उशिरा पोहोचते.

थॅच यांनी परीक्षा कडक घेतली. बचाव करणाऱ्या आपल्या चार विमानांचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारे दांडे, त्यांनी बांधून टाकले आणि हल्ला करणाऱ्या सहकारी वैमानिक बुच ओहेअर यांच्या चार विमानांना पूर्ण ताकद दिली. तरीही ओहेअर झेपावले की समोरून एक नाक त्यांच्यावर रोखलेलं असायचं!

४ जून १९४२, पॅसिफिक महासागरात अमेरिका आणि जपान यांच्यातली मिडवेची लढाई. थॅच यांच्याकडे फक्त सहा वाइल्डकॅट लढाऊ विमानं. दुसऱ्या जोडीच्या प्रमुखाचा रेडिओ बंद. मग थॅच यांनी आपलेच जोडीदार डिब यांना बाजूला अंतरावर धाडलं आणि डाव सुरू केला. त्या दिवशी त्यांनी तीन झीरो विमानं पाडली. थॅच या डावाला रुक्षपणे ‘बीम डिफेन्स पोझिशन’ म्हणत. त्यांचं नाव त्याला दिलं नौदलातलेच वैमानिक जिमी फ्लॅटली यांनी, आणि ते योग्यच झालं.

सिनेमातले वैमानिक रेडिओवर लांबलचक बोलतात, ते मला मुळीच पटत नाही. तीव्र वळणात शरीराचं वजन कित्येक पटींनी जाणवतं, श्वास पुरत नाही. म्हणून शब्द तोकडे. ‘चेक सिक्स’ म्हणजे मागे बघ. घड्याळात आपलं नाक बाराला, म्हणजे शेपूट सहाला.

आता ‘इमेलमान’ हा डाव. हे नाव पहिल्या महायुद्धातले जर्मन वैमानिक माक्स इमेलमान यांचं. आज त्याचा अर्थ अर्धी कोलांटी वर आणि माथ्यावर अर्धी गिरकी घेऊन सरळ होणं. वेग अपुरा असेल तर विमान माथ्यावरच कोसळू लागतं. इमेलमान यांचं विमान पंख पिळून वळवायचं होतं, त्यामुळे त्यांचा डाव नेमका हाच असणं अवघड वाटतं.

‘स्प्लिट-एस’ याच्या उलट. आधी गिरकी घेऊन उलटं व्हायचं, मग अर्धी कोलांटी खाली. खाली येताना वेग वाढत जातो, कोलांटी मोठी होते आणि उंची अंदाजापेक्षा जास्त खर्ची पडते. म्हणून उलटं होण्याआधी उंची बघायची, नंतर नाही.