आहाराचं नियोजन वाण्याच्या यादीपासून

आज इथे बोलायला तुम्ही मला विषय दिलात ‘रोजच्या आहाराचं सोपं नियोजन’. नियोजन म्हटलं की फ्रिजवर लावलेला सोमवार ते रविवारचा तक्ता डोळ्यांपुढे येतो. तक्त्यात मंगळवारी पालक असतो. नेमका त्या दिवशी मंडईतला पालक मरगळलेला असतो, नाहीतर निवडायला वेळ नसतो. मग बटाट्याच्या काचऱ्या होतात आणि पुढच्या आठवड्यात त्या तक्त्याकडे कुणी बघतही नाही.

माझं म्हणणं असं, की रोजचे पदार्थ ठरवत बसू नका. महिन्याची वाणसामानाची यादी नीट करा. पुढचे तीस दिवस पानात काय पडणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तीळ वगैरे ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. ही सगळी कच्ची वजनं. आता २७ ग्रॅम तेल रोज कोण मोजणार? कुणीच नाही. म्हणून ते महिन्यावर न्या.

घरात चार मोठी माणसं धरू. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर जास्तीचं कुठे गेलं ते कढईला विचारा! आणि डाळी-कडधान्यं? दहा किलो. हसताय, कारण आपल्या यादीत तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक आणि मटकी-चवळी-मसूर पाव-पाव किलो असतात. वाटीभर पातळ वरणात डाळ असते तरी किती! उलट पोहे, रवा, शेवया, साबुदाणा यांची पाकिटं मात्र भरपूर. नाश्ता बदलला असं वाटतं, पण पोटात पुन्हा पिष्टच जातं. घरात लहान मुलं असतील तर आकडे थोडे उतरवा, पण धान्य आणि डाळीचं हे प्रमाण सांभाळा.

दहा किलो संपवायचे कसे? भिजवून. सकाळी दोन वाट्या मटकी भिजत घाला. संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा आणि चाळणीत ठेवून वर झाकण घाला. दुसऱ्या दिवशी मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. दोन वाट्यांचं पातेलंभर होतं. निम्म्याची सुकी उसळ डब्यात द्या, उरलेली फ्रिजमध्ये ठेवा. रात्री ती वाफवून त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घाला आणि वर लिंबू पिळा. लिंबू नुसतं चवीला नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर मात्र उलटं होतं.

म्हणजे रोज ठरवायचं ते एवढंच, की उद्यासाठी काय भिजवायचं. आणि हे काम ‘आज काय करू?’ विचारल्यावर ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याकडे द्या. त्याला स्वयंपाक यावा लागत नाही, डबा उघडता आला की झालं.

भाजीचं मात्र यादीनं भागत नाही. चौघांना दिवसाला दीड किलोच्या वर भाजी लागते, आणि खरा अडसर असतो तो निवडण्या-चिरण्याचा. मेथीची जुडी सगळ्यांनी मिळून टीव्हीपुढे निवडली तर ठीक. एकटीवर टाकलीत तर ती दुधीच आणणार, आणि त्यात तिची चूक नाही. कच्ची काकडी, गाजर, मुळा, टोमॅटोसुद्धा या हिशोबात धरा. कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडलं की त्या ३५ ग्रॅमपैकीही थोडे भरतात. जवस, कारळ, तीळ यांच्या चटण्यांसाठी पाव-पाव किलो यादीत लिहून ठेवा.

मघाशी कुणीतरी विचारलं, मासे-अंडी खाणाऱ्यांनी काय करायचं? ती त्या ८५ ग्रॅममध्येच मोजायची. त्यांची डाळ दहा किलोपेक्षा कमी लागेल. पण श्रावणात मासळी-मटण बंद करणार असाल, तर त्या महिन्याच्या यादीत कडधान्यं वाढवायची. आपण वाढवतो तो साबुदाणा.